कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला

नागपूर
१४ नोव्हेंबर १९९६

आदरणीय गुलाबकाका यांस,
नाहीदचा आदाब.

तुम्ही मला ओळखणार नाही. वडशाला नाटक कंपन्यांचे पडदे शिवणारे नूरुद्दीन शेख, त्यांची मी मुलगी. 'गुलाब रामटेके, फोटोवाले, नागभीड' एवढं लिहिलं तरी पत्र पोचेल असं अब्बा म्हणाले, म्हणून तेवढ्याच पत्त्यावर लिहिते आहे.

मी इथे चित्रकला महाविद्यालयात शिकते. फोटोग्राफी हा माझा विषय. मागच्या महिन्यात सरांनी आम्हाला आवडत्या छायाचित्रकारावर निबंध लिहायला सांगितला. वर्गातल्या मुलांनी लायब्ररीतली जाड पुस्तकं काढून परदेशातली आणि दिल्ली-मुंबईची मोठी नावं घेतली. मीही ती पुस्तकं चाळली. लढाया, वाळवंटं, पुढाऱ्यांचे चेहरे. फोटो चांगलेच होते. पण पुस्तक मिटलं की मला आमच्या वडशाच्या खोलीतला फोटो दिसायचा, तुम्ही काढलेला. शेवटी निबंधावर मी तुमचं नाव लिहिलं. सर म्हणाले, "हे कोण?" मी म्हटलं, "वाचून पाहा."

त्या फोटोत माझी अम्मी, खातून, नाटकाच्या महालाच्या पडद्यासमोर बसली आहे आणि मी तिच्या मांडीवर आहे. आम्ही दोघी कॅमेऱ्याकडे पाहत नाही. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, थोडं वर पाहतो आहोत, आणि अम्मी अशी हसते आहे की जणू कुणीतरी तिच्या माहेरचं अचानक दारात आलं. मी सातवीत असताना अम्मी गेली. तिचे आणखी दोन फोटो आहेत, पण त्यांत ती फोटोसाठी बसलेली बाई आहे. तुमच्या फोटोत ती अम्मी आहे. माणसाला असं पकडता येतं, हे मला त्या फोटोनं दाखवलं, आणि म्हणून मी या वाटेला लागले.

निबंधासाठी मी वडसा, कुरखेडा, ब्रम्हपुरी इथल्या घराघरांत जाऊन तुमचे फोटो पाहिले. सगळ्यांत तेच. माणसं डावीकडे पाहतात, एकाच जागी. काही फोटोंच्या कडेला छत्रीची सावली दिसते. ती छत्री उजेड मऊ करण्यासाठी लावायचात का? आणि नजर तिकडे वळवण्याची युक्ती काय होती?

मला स्वतःला एक आठवतं. हिरव्या लुगड्यातली एक बाई तिथं उभी होती आणि तोंडानं चिमणीसारखा आवाज काढून मला हसवत होती. त्या काकू होत्या का? त्यांनाही माझा आदाब सांगा.

तुमची,
नाहीद

*

नागभीड
२ डिसेंबर १९९६

चि. नाहीद हिस,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र पोस्टमननं हातात देल्लं. मले कोणाचं पत्र येत नाई, मनून आधी वाटलं चुकलं असन. नूरुद्दीनभाऊची पोरगी एवढी मोठी झाली अन् फोटोचं शिकून राह्यली, हे वाचून बरं वाटलं. त्याइनं शिवलेल्या पडद्यासमोर मी किती तरी लोकाइले बसवलं.

युक्ती काई नोती बेटा. माही बायको केसर माह्यासंगं गावोगाव फिरे. मी काळ्या फडक्यात डोकं घालून फोकस लावो, अन् ते कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाले उभी राहून लोकाइसंगं बोले. एखाद्या म्हातारीले विचारे, यंदा मोहफुलं किती पडली. पोट्ट्याइले चिमणी करून दाखवे. माणूस कॅमेऱ्याले विसरून तिच्याकडे पाहे, अन् मी भिंगाचं झाकण काढो. तुह्या निबंधात नाव लिहाचंच तर अर्धं तिचं लिही.

तू आवडत्या फोटोवाल्याचं लिहिलं, तर माहाही एक होता. चांद्याचे अजीम मास्तर. त्याइच्या हाताखाली मी शिकलो. बाकीच्याइच्या फोटोत माणूस फोटो काढाले आल्यासारखा दिसे. अजीम मास्तरच्या फोटोत तो आपल्या घरी बसला आहे अन् आपणच दार लोटून आत आलो, असा दिसे. "आदमी को अकेला मत छोडो," असं ते मनत. मी ते ध्यानात ठेवलं अन् केसरले तिथी उभं केलं.

छत्री उजेडासाठी नोती. उन्हासाठी होती.

आता धंदा बंद आहे. डोळे कमजोर झाले. कॅमेरा मात्र पुसून ठेवतो.

एक सांग, तुहा तो फोटो कोणत्या सालचा? नूरुद्दीनभाऊले नीट विचारून लिही.

तुहा,
गुलाब रामटेके

*

नागपूर
१९ जानेवारी १९९७

गुलाबकाका यांस आदाब.

सुट्टीत वडशाला गेले होते, म्हणून उत्तराला उशीर. हिवाळा म्हणजे अब्बांचा हंगाम. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांतली नाटकं सुरू झाली की त्यांच्या मशीनला उसंत नसते. तरी मी त्यांना मशीनवरून उठवून विचारलं. ते म्हणाले, "तवा सलमान पोटात होता. तुही आई जास्त वेळ उभी राहू शके नाई, मनून बसवून काढला." सलमान, माझा धाकटा भाऊ, एक्क्याऐंशीच्या सुरुवातीचा. म्हणजे फोटो ऐंशीच्या हिवाळ्यातला.

निबंध सरांना फार आवडला. त्यात मी काकूंबद्दल लिहिलंय. छायाचित्रकार काचेतून बघतो आणि आणखी एक माणूस त्या समोरच्याला एकटं पडू देत नाही, अशी जोडी मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. सर म्हणतात, यंदा डिसेंबरअखेरच्या प्रदर्शनात तुमच्या फोटोंची एक भिंत करू. घराघरांतून फोटो मागून आणायचं काम माझं.

आणि माझी एक इच्छा आहे. तुम्हा दोघांचा एकत्र फोटो मला काढायचा आहे. अब्बा म्हणाले, गुलाबभाऊंनी आयुष्यात स्वतःचा फोटो काढू दिला नाही. पण मला द्याल ना? फेब्रुवारीत नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं येते. काकूंना सांगा, हिरवंच लुगडं नेसा.

नाहीद

*

नागभीड
३० जानेवारी १९९७

चि. नाहीद हिस जय भीम.

तू येऊ नोको.

केसर नाई. सत्याहत्तरच्या पावसाळ्यात काविळीनं गेली. मागच्या पत्रात मी लिहाले पाह्यजे होतं. लिहिता लिहिता ते असल्यासारखं वाटलं, अन् राहून गेलं.

तुह्या फोटोच्या वेळेस मी एकटाच होतो. तुले दुसरी कोणी बाई आठवत असन. वडशाले नाटकातल्या बाया तिथी फिरत राहत. लहानपणचं काई खरं नसते.

भिंतीचं नोको करू. फोटो ज्याच्या त्याच्या घरी आहेत ते बरे आहेत.

गुलाब

*

नागपूर
२३ मार्च १९९७

गुलाबकाका यांस आदाब.

तुमचं पत्र वाचून मला फार अपराधी वाटलं. नसलेल्या काकूंना मी हिरवं लुगडं नेसायला सांगितलं. माफ करा.

तुम्ही सांगितलंत म्हणून नागभीडला मी आले नाही. पण मन स्वस्थ बसू देईना, म्हणून होळीच्या आधी वडशाला जाऊन अब्बांना पुन्हा विचारलं, फोटोच्या वेळी तिथं दुसरी कोण होती? ते सुई ओवत होते, थांबले. "कोणीच नोतं. मी पडद्याच्या मांगं दोरी धरून होतो. तुही आई कोणासंगं तरी बोलून राह्यली होती. मी मनलं तुह्यासंगं बोलत असन." मग म्हणाले, "गुलाबभाऊले हे विचारू नोको. त्यानं लय भोगलं."

मग मी कुरखेड्याच्या पुढच्या एका गावात गेले. तिथं बुधरीबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा तुम्ही काढलेला फोटो मी निबंधाच्या वेळी पाहिला होता. तो काढला तेव्हा त्या गावचा तलाव नवा झाला होता, म्हणजे त्र्याऐंशी. मी तिला विचारलं, "आजी, तू इथं कोणाकडे बघते आहेस?"

ती म्हणाली, "फोटोवाल्याच्या बाईकडे."

"ती काय म्हणाली तुला?"

"बोलली नाई काई. पदर नीट कर, असं हातानं सांगतलं. चांगली बाई होती. पण छत्रीची सावली पडे अन् तिची पडे नाई, मनून माहा बुढा भेला."

हे सांगून तिनं मला चहा दिला, जसं काही पावसापाण्याचं बोललो.

काका, मी शिकलेली मुलगी आहे. मी स्वतःला सगळी कारणं सांगून पाहिली. तुमचा आधीचा एखादा फोटो पाहून लोक तसे बसत असतील, छत्रीकडे बघत असतील, म्हातारीची गल्लत होत असेल. पण मला तो चिमणीचा आवाज आठवतो. ऐंशी सालचा. माझी गल्लत होत असेल तर तसं सांगा. होत नसेल तर तेही सांगा. अम्मी त्या फोटोत कोणाला पाहून हसली, एवढंच मला हवं आहे.

नाहीद

*

नागभीड
२८ सप्टेंबर १९९७

चि. नाहीद हिस जय भीम.

पावसाळा पूर्ण गेला अन् मी तुले उत्तर देल्लं नाई. तीनदा कागद घेतला अन् ठेवून देल्ला. अक्षर वाकडं येते, सांभाळून घे.

बुधरीबाई खरं बोलली. तुहंही खरं आहे.

केसर गेल्यावर मी पहिल्यांदा बाहेर निघालो ते एका लग्नाच्या फोटोसाठी. फडक्यात डोकं घालून कॅमेऱ्याच्या मांगच्या काचेवर पाह्यलं. काचेवर सगळं उलटं दिसते, तुले माहीत आहे. उलटी नवरी हसून राह्यली होती, कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाले पाहून. मी मनलं, कोणी मैत्रीण उभी असन. बाहेर येऊन पाह्यलं तर जागा खाली.

मग पोचूदादा म्हणून एक म्हातारे होते, त्याइच्या फोटोच्या वेळेस ते मले मनले, "भाऊ, बाईले सावलीत घ्या. केव्हाची उन्हात उभी आहे."

"कोणती बाई?" मी विचारलं.

त्याइनं माह्याकडे पाह्यलं, मग त्या जागेकडे पाह्यलं. "काई नाई. काढा तुमी."

मले भेव नाई वाटलं, नाहीद. आनंद झाला. बाजारातून छत्री आणली अन् डाव्या अंगाले बांबूले बांधत गेलो. लोक समजत, उजेडासाठी आहे. जो समोर बसे त्याले ते दिसे. मले कधी दिसली नाई. मी एकदम फडकं फेकून पाह्यलं, हळूच कोर उचलून पाह्यलं. तिथी छत्री अन् खाली माती. पण फोटो धुतले की त्यात लोकाइचे चेहरे दिसत, अन् त्या चेहऱ्यावरून मी ओळखो, आज ते कशी होती. कोणी पोट भरून हसला असन तर चिमणी केली. कोणी डोळे पुसले असन तर त्याच्या मेलेल्या माणसाचं विचारलं. असे माहे दिवस गेले. तुह्या आईच्या चेहऱ्यावरून मी समजलो होतो का, केसरनं तिच्या पोटाकडे पाहून काई तरी चांगलं मनलं. तिले स्वतःले पोट्टं नोतं झालं.

मग अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात नजर सरकली. लोक छत्रीकडे पाहेनात. जरासे अलीकडे पाहू लागले. मग माह्या खांद्यावरून मांगं. अन् हसेनात. सिंदेवाहीच्या गिरजाबाई नातवाले घेऊन बसल्या होत्या, त्या फोटो अर्धा टाकून उठल्या. मनल्या, "ते तुमच्या मांगं काऊन उभी आहे? इतकी जवळ?"

मी मनलं, "बसा बाई, कोणी नाई."

अन् फडक्यात डोकं घातलं. तेवढ्यात फडक्याची मांगची कोर उचलली गेली. वारा नोता. माह्या खांद्याले थंडगार काई तरी लागलं, जसं विहिरीतून काढलेलं ओलं लुगडं. कोणी तरी आत येऊन राह्यलं होतं.

मी पळालो. कॅमेरा तिथीच टाकून. गावातल्या पोट्ट्याइनं मागून आणून देल्ला. त्यानंतर मी फोटो काढला नाई. ज्या बाईसाठी दहा वर्स छत्री धरली, तिलेच मी भेलो. ते मले न्याले आली होती असं मले वाटलं, अन् मले जायाचं नोतं.

आता ऐक. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. काचबिंदू आहे. डॉक्टर मनले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिसणं बंद होईन. मी आयुष्यात कॅमेऱ्यासमोर बसलो नाई. आधी फुरसत नोती, अन् मग हिंमत नोती. बसलो अन् ते दिसली तर काय करू, अन् नाई दिसली तर काय करू. आता दोन्हीचं उत्तर पाह्यजे.

तू ये. माह्याच कॅमेऱ्यानं माहा फोटो काढ. आठ-दहा वर्स झाली, ते तिथी आहे का गेली, मले माहीत नाई. तुले भेव वाटत असन तर येऊ नोको, मी राग धरणार नाई.

गुलाब

*

नागपूर
६ ऑक्टोबर १९९७

गुलाबकाका यांस आदाब.

दिवाळी झाली की पहिल्या रविवारी येते. अब्बाही येत आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुह्या आईले पाह्यलं तिनं. आपुनबी जाऊ."

तुमच्या कॅमेऱ्याच्या मापाची फिल्म इथे मिळत नाही. मी फोटो छापायचा ब्रोमाइड कागद कापून आणेन, तो प्लेटच्या जागी बसवू. कागदाला वेळ लागतो, तुम्हाला बरंच स्थिर बसावं लागेल.

भीती वाटते. तरी येते.

नाहीद

*

नागपूर
१८ नोव्हेंबर १९९७

गुलाबकाका यांस आदाब.

सोबत फोटो पाठवते आहे. पाठवू की नको, याच विचारात आठवडा गेला.

त्या दिवशी फोटो झाल्यावर तुम्ही उठून घरात गेलात. अब्बा दाराशी जाऊन आले आणि म्हणाले, "रडून राह्यला. चाल आपण." म्हणून आम्ही निरोप न घेता निघालो. गाडीत अब्बांनी मला विचारलं, "तुले काई दिसलं?" मी नाही म्हटलं. मी कॅमेऱ्यासमोर बसले नव्हते, मला दिसणारच नव्हतं.

मी जे अनुभवलं ते सांगते. तुमच्या अंगणात सकाळचं ऊन होतं. तुम्ही बाजेवर बसलात, पांढरा सदरा, हात गुडघ्यांवर. मी डाव्या बाजूला छत्री बांधली. तुमच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं. आत जुन्या कापडाचा आणि रॉकेलचा वास होता. काचेवर तुम्ही उलटे दिसलात. मी फोकस लावू लागले, पण तुमच्या कॅमेऱ्याची मला सवय नाही, चेहरा काही केल्या साफ होईना. मग एकाएकी झाला. मी फोकसचं चक्र अजून फिरवत होते की थांबवलं होतं, आता आठवत नाही. आत फार गारवा होता, ऊन असूनही. तेवढंच.

मग बाहेर आले, कागद बसवला, समोर येऊन डाव्या बाजूला उभी राहिले आणि भिंगावरचं झाकण काढलं. अब्बा अंगणाच्या दाराशी होते. शेजारच्या घरचं कुत्रं आत येत होतं, ते उंबऱ्यापाशी थांबलं आणि मागे फिरलं.

काका, फोटो पाहा. जितकं दिसेल तितकं. तुम्ही छत्रीकडे पाहत नाही आहात. माझ्याकडेही नाही. तुम्ही सरळ भिंगात पाहता आहात. तुमच्या कॅमेऱ्यातून निघालेले इतके फोटो मी पाहिले, त्यांत सरळ भिंगात पाहणारे तुम्ही एकटे.

म्हणजे तिथं कोणी नव्हतं. मला वाटतं, तुम्ही काही न दिसल्यामुळे उठून गेलात. मी तुम्हाला या फंदात पाडायला नको होतं. तुमची आशा होती तशी राहिली असती. लहानपणची एक आठवण घेऊन मी तुमच्या दारात आले आणि जाताना तुमच्याकडे होतं ते घेऊन गेले, असं वाटत राहतं.

प्रदर्शनात हा फोटो लावणार नाही. तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

नाहीद

*

नागभीड
४ डिसेंबर १९९७

चि. नाहीद हिस जय भीम.

हे पत्र माही पुतणी सरिता लिहून राह्यली. मी सांगतो, ते लिहिते. माहं दिसणं आता गेल्यातच जमा आहे. डॉक्टरनं उन्हाळा सांगतला होता, त्याच्या आधीच आलं. फोटो मले सरितानं वाचून दाखवला, मनजे सांगतला. ते मनते, "बाबा, तुमी नवरदेवासारखे दिसता." तर राग कायचा. भिंत आता कर, अन् हा फोटोबी लाव.

तुले एक गोष्ट सांगतली नोती. सांगतली असती तर तू आली नसती. काचबिंदूनं बाजूची नजर आधी जाते. तू आली तवा मले बाजूचं काईच दिसत नोतं. छत्री तू कुठी बांधली तेही मी आवाजावरून ओळखलं. समोरचं तेवढं दिसे, बोगद्यातून पाहावं तसं. केसर तिच्या नेहमीच्या जागी उभी राह्यली असती, तर मले ते दिसणार नोती. हे माहीत असूनबी मी बसलो.

तू फडक्यात शिरली. मी समोर पाहत होतो. फडक्याच्या खाली तुहे पाय दिसले, चपलेतले. अन् त्याच्या बाजूले आणखी दोन पाय होते. अनवाणी. बोटात जोडवे. मी त्या पायाइचे जोडवे ब्रम्हपुरीच्या बाजारातून आणले होते, एक मोठं झालं अन् तिनं त्याले दोरा गुंडाळला होता. तो दोरा मले दिसला.

मी वरडणार होतो, तुले बाहेर ये मनणार होतो. तेवढ्यात मी पाह्यलं का, ते पाय चवड्यावर उभे आहेत. टाचा उचलून. ठेंगणी होती ते, काचेपर्यंत पोचाले तिले टाचा उचलाव्या लागत असतीन.

तवा मले आठवलं. लग्न झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ते मले मनली होती, "मलेबी काचेतून पाहू द्या ना. उलटं जग कसं दिसते ते पाहतो." मी मनलं, "गिऱ्हाईक खोळंबून राह्यलं. नंतर दाखवतो." मग तिनं पुन्हा विचारलं नाई अन् मीही दाखवलं नाई. मले वाटे, तिची जागा बाजूलेच आहे.

सिंदेवाहीले ते मले न्याले नोती आली, नाहीद. पाहाले आली होती. अन् मी पळालो.

तू बाहेर आली, कागद लावला, समोर येऊन उभी राह्यली. तुह्या ध्यानात आलं नसन, पण तू बाहेर आल्यावरही फडकं पडलं नाई. माणूस आत असल्यासारखं फुगलेलंच होतं. पाय तिथीच होते. तू झाकण काढलं अन् मी भिंगाकडे पाह्यलं. मी कोणाकडे पाहून राह्यलो होतो, हे तू फोटोत पाह्यलंच आहे. ते मले पाहत होती. मी जितका वेळ बसलो तितका वेळ.

तू झाकण लावलं, मग फडकं हळूच खाली पडलं. मी घरात जाऊन रडलो, ते यामुळे.

आता तुह्या लिहिण्यातली चूक मले दुरुस्त कराची आहे. तू काई नेलं नाई.

कॅमेरा माह्या काई कामाचा नाई. नूरुद्दीनभाऊसंगं पाठवतो. स्टँड, फडकं, छत्री सगळंच. तू घ्यायचा का नाई ते ठरव. भेव वाटत असन तर तिथीच असू दे वडशाले. पण घेतला, तर अजीम मास्तरनं सांगतलेलं ध्यानात ठेव.

सरिता मनते, लिहिताना तिच्या अंगावर काटा आला. तिले मी मनलं, चहा कर.

गुलाब रामटेके

*

नागपूर
११ जानेवारी १९९८

गुलाबकाका यांस आदाब. सरिताताईंनाही.

तुमचं पत्र मी होस्टेलच्या खोलीत वाचलं आणि खोलीत एकटी राहवेना, म्हणून मेसमध्ये जाऊन बसले. खोटं सांगत नाही, भ्यायले. तो गारवा मला पुन्हा खांद्यापाशी जाणवला. चेहरा साफ झाला तेव्हा चक्र कोणाच्या हातानं फिरलं, हा विचार अजूनही अंधार पडला की येतो.

प्रदर्शन झालं. तुमची भिंत झाली, मधोमध तुमचा फोटो. त्याखाली चिठ्ठीवर काय लिहायचं, सरांनी विचारलं. मी 'छायाचित्र: केसरबाई रामटेके' असं लिहिलं. सर म्हणाले, "त्याही फोटो काढायच्या?" मी म्हटलं, "एकच काढला." बुधरीबाईंना अब्बांनी आणलं होतं. त्या तुमच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फोटोवाल्या बुढ्याले समजलं एकदाचं."

कॅमेरा मी घेतला. नाताळात अब्बा घेऊन आले, तेव्हापासून तो माझ्या खाटेशेजारी होता आणि त्याला हात लावायला धीर होत नव्हता. काल लावला. माझी मैत्रीण सायमा, भद्रावतीची, तिच्या घरी स्थळं पाहणं चाललंय, तिला फोटो हवा होता. कॉलेजच्या आवारात कडुनिंबाखाली तिला बसवलं. स्टँड लावलं, डावीकडे छत्री बांधली. मग फडक्याची मागची कोर उचलून धरली आणि मी बाजूला होऊन उभी राहिले.

सायमा म्हणाली, "काय करतेस? लवकर घे ना."

मी म्हटलं, "थांब जरा. त्यांचं पाहून होऊ दे."

नाहीद